उजव्या खुर्चीतला आवाज

वीर, दासगाव, महाड, पलीकडे गोरेगाव, म्हसळा. सावित्री नदीच्या आणि तिच्या खाडीच्या आसपासच्या या पट्ट्यात अशी गावे थोडीच असतील, जिथल्या दोन-चार घरांतला कर्ता माणूस आखातात नाही. दुबई, कुवेत, दम्माम, दोहा ही नावे इथल्या म्हाताऱ्या बायकांच्याही तोंडी पनवेल-पुण्याइतक्या सहजपणे येतात. तिकीट कोणत्या महिन्यात स्वस्त पडते, किती किलो सामान नेऊ देतात, विमान रात्री उशिरा उतरले तर कोकणात येणारी गाडी मिळेल की नाही, हे सगळे घराघरात पाठ असते. विमान चालवतो कोण, हे मात्र कुणी विचारत नाही. तो कुठल्या देशाचा, त्याच्या शेजारी बसलेला कुठला, दोघांचे एकमेकांशी पटते का, जमिनीवर त्यांच्यात पगारावरून आणि बढतीवरून काय चालले आहे, हे प्रश्न तिकिटाच्या किमतीत येत नाहीत. ते यायला हवेत, असे मला गेली काही वर्षे तीव्रतेने वाटते आहे. त्याला कारण झाले ते मंगळूर.

वीरच्या माणसाला मंगळूर तसे परके नाही. कोकण रेल्वेचे पहिले दोन तुकडे १९९३ मध्ये सुरू झाले. उत्तरेकडचा रोहा ते वीर आणि दक्षिणेकडचा मंगळूर ते उडुपी. मधला सगळा डोंगर पोखरून जानेवारी १९९८ मध्ये सलग रेल्वे सुरू होईपर्यंत ही दोन टोके एकमेकांची वाट पाहत होती. दोन्हीकडची माणसेही सारखीच: समुद्राच्या वासावर वाढलेली आणि पोटासाठी त्याच्या पलीकडे गेलेली.

२२ मे २०१० च्या पहाटे एअर इंडिया एक्स्प्रेसचे बोइंग ७३७ दुबईहून मंगळूरला येत होते. विमानात १६६ माणसे होती. बहुतेक सगळी आखातात राबून सुट्टीवर घरी निघालेली. डाव्या खुर्चीत कॅप्टन झ्लात्को ग्लुशित्सा, मूळचे सर्बियाचे, ब्रिटिश नागरिकत्व असलेले, दहा हजार तासांहून अधिक उड्डाणाचा अनुभव गाठीशी. उजव्या खुर्चीत फर्स्ट ऑफिसर हरबिंदरसिंग अहलुवालिया, मुंबईचे. मंगळूरच्या धावपट्टीवर ते कॅप्टनपेक्षा कितीतरी अधिक वेळा उतरलेले होते. ही धावपट्टी डोंगराचा माथा कापून केलेली, टेबलटॉप. तिच्या टोकापलीकडे दरी. अशा अवघड ठिकाणी लँडिंग कॅप्टननेच करायचे, असा कंपनीचा नियम होता.

कॅप्टन सुट्टीवरून नुकते परतले होते. प्रवासाचा बराचसा काळ ते झोपले. कॉकपिटमधल्या रेकॉर्डरवर त्यांचे घोरणे नोंदले गेले आहे. विमान खाली आणायला उशीर झाला. मंगळूरचे रडारही त्या दिवसांत बंद होते. विमान धावपट्टीजवळ आले तेव्हा जेवढ्या उंचीवर असायला हवे त्याच्या कितीतरी वर होते. कॅप्टनने ते झपाट्याने खाली घेतले. अशा वेळी करायची गोष्ट प्रत्येक वैमानिकाला पहिल्या दिवसापासून शिकवलेली असते: लँडिंग सोडा, पुन्हा वर जा, फेरी मारून परत या. तिला 'गो-अराउंड' म्हणतात. अहलुवालियांनी ती सूचना एकदा नव्हे, तीनदा दिली. कॅप्टनने ऐकले नाही. सुमारे ८००० फुटांच्या धावपट्टीवर विमानाची चाके टेकली तेव्हा मागे जवळपास ५२०० फूट निघून गेले होते. चाके टेकल्यावर कॅप्टनने पुन्हा उडण्याचा प्रयत्न केला. तोवर वेळ गेली होती. विमान दरीत कोसळले, पेटले. १५८ माणसे गेली. आठ वाचली.

चौकशी समितीचे अध्यक्ष होते एअर मार्शल भूषण गोखले, हवाई दलाचे माजी उपप्रमुख. त्या समितीच्या अहवालातली एक गोष्ट डोक्यातून जात नाही. उजव्या खुर्चीतल्या माणसाला दिसले होते. त्याने ते बोलूनही दाखवले. पण त्याने हात पुढे करून विमान आपल्या ताब्यात घेतले नाही.

अपघातानंतर काही दिवसांतच चर्चा एका वळणावर गेली, आणि ते वळण अगदीच अनपेक्षित नव्हते. परदेशी वैमानिक. आपल्या विमानांत हे बाहेरचे लोक कशाला? मुंबईच्या वैमानिकांमध्ये ही खदखद आधीपासून होती आणि तिला सबळ कारण होते. २००४-०५ नंतर देशात विमान कंपन्या भराभर निघाल्या. विमाने विकत घेता येतात, भाड्यानेही मिळतात, पण कॅप्टन बाजारात तयार मिळत नाही. दोनशे तासांच्या उड्डाणावर व्यावसायिक परवाना हातात पडतो. पण कॅप्टनच्या खुर्चीपर्यंत पोचायला हजारो तास आणि अनेक वर्षे लागतात. म्हणून कंपन्यांनी पूर्व युरोप, लॅटिन अमेरिका, पश्चिम युरोप, जिथून मिळतील तिथून शेकड्यांनी कॅप्टन आणले. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, त्यांना तात्पुरत्या परवानग्या दिल्या आणि त्या बंद करण्याची मुदत एकदा जाहीर करून पुन्हा पुन्हा पुढे ढकलली.

या कॅप्टनांचा करार वेगळा असे. पगार डॉलरमध्ये, बऱ्याचदा कर कंपनीने भरायचा, राहणे हॉटेलात, काही आठवडे सलग काम आणि मग दोन आठवडे मायदेशी सुट्टी. त्याच विमानात, त्याच रात्री, तेवढेच तास उडणाऱ्या भारतीय कॅप्टनला हे काही मिळत नसे. त्याहून मोठी सल उजव्या खुर्चीची. डाव्या खुर्चीत कंत्राटी माणूस आणून बसवला की मागच्या रांगेतल्या सगळ्यांचे कॅप्टन होणे लांबते. आणि त्याहीमागे परवाना घेऊन घरी बसलेली मुले होती. जमीन विकून, कर्ज काढून शिकलेली, आणि २००८ च्या मंदीत नोकरीच न मिळालेली. बाहेरचा बसतो आणि आमचा मुलगा घरी, असे त्यांचे आईबाप म्हणत. हिशोब मात्र तितका सरळ नव्हता. दोनशे तासांचा मुलगा हजारो तासांच्या कॅप्टनची जागा घेऊ शकत नाही. दोघांची दुखणी खरी होती, पण एक दुसऱ्याचे औषध नव्हते. कंपन्यांनी आपले कॅप्टन वेळेवर घडवले असते तर दोन्ही दुखणी टळली असती.

सप्टेंबर २००९ मध्ये जेट एअरवेजच्या वैमानिकांनी सामुदायिक आजारपणाची रजा घेतली. कारण संघटना स्थापन करण्याचा हक्क आणि कामावरून काढलेले सहकारी हे होते. तरी परदेशी वैमानिकांना मिळणाऱ्या वेगळ्या वागणुकीची जुनी तक्रार त्या रागाच्या तळाशी होतीच. आठ वर्षांनी, २०१७ मध्ये, जेटच्या वैमानिकांच्या संघटनेने सभासदांना थेट आवाहन केले की १ मेपासून परदेशी वैमानिकांबरोबर उडू नका. एका परदेशी प्रशिक्षकाने भारतीय वैमानिकाला मारहाण केल्याचा आरोप हे त्याचे निमित्त. दोन माणसांनी शेजारी बसून दीडशे-दोनशे जीव नेण्याच्या धंद्यात हे आवाहन निघावे, हीच गोष्ट किती बिघडले होते ते सांगते.

संघटनांचा राग मला मान्य आहे. समान खुर्चीला समान दाम हवे. पण मंगळूरचे खापर परदेशी पासपोर्टवर फोडून मोकळे होणे मला मान्य नाही. त्याचे उत्तर दहा वर्षांनी कोळिकोडला मिळाले, आणि ते फार महाग पडले.

७ ऑगस्ट २०२०. तीच कंपनी, तेच ७३७, तीच दुबई. कोळिकोडची धावपट्टीही टेबलटॉप. करोनात अडकलेल्यांना घेऊन येणारे वंदे भारत मोहिमेतले विमान, १९० माणसे. कॅप्टन दीपक साठे, आपल्याच मातीतले, हवाई दलातले विंग कमांडर, हवाई दल अकादमीत स्वोर्ड ऑफ ऑनर मिळवलेले. त्यांच्या शेजारी फर्स्ट ऑफिसर अखिलेश कुमार. दोघेही भारतीय, भाषेची अडचण नाही, कंत्राटाचा भेद नाही. मुसळधार पाऊस. कॅप्टनच्या बाजूच्या वायपरने दगा दिला. पहिला प्रयत्न सोडला. दुसऱ्या वेळी पाठीमागून वारा घेत ते उतरले आणि धावपट्टीचा जवळजवळ अर्धा भाग मागे पडल्यावर चाके टेकली. विमान टोकावरून खाली गेले आणि त्याचे तुकडे झाले. एकवीस जण गेले, त्यात दोन्ही वैमानिक.

साठ्यांबद्दल महाराष्ट्राने जी कृतज्ञता दाखवली ती योग्यच होती. आयुष्यभर शिस्तीत उडालेल्या माणसाची ती पत होती. पण सरकारी चौकशीचा अहवाल आला तेव्हा त्यातला निष्कर्ष वाचून मला मंगळूरच आठवले. शेजाऱ्याने 'गो-अराउंड' म्हटले होते. ते म्हटल्यावर वर जाणे बंधनकारक होते. कॅप्टन गेले नाहीत, आणि शेजाऱ्याने विमान हाती घेतले नाही. दोघांच्या अधिकारातल्या अंतराचा उल्लेख त्या अहवालात आहे. दुसऱ्या दिवशी सकाळचे विमान कॅप्टननाच न्यायचे होते आणि त्या तळावर कॅप्टनांची टंचाई होती, हेही त्यात नोंदले आहे.

म्हणजे पासपोर्ट बदलला, भाषा बदलली, दशक बदलले, आणि उजवी खुर्ची तिथल्या तिथे राहिली.

आपल्याकडे फर्स्ट ऑफिसर कॅप्टनला 'सर' म्हणतो. पश्चिमेकडच्या बऱ्याच कंपन्यांत पहिल्या नावाने हाक मारतात. खांद्यावरच्या तीन पट्ट्यांनी चार पट्ट्यांना दुरुस्त करायचे म्हणजे काय, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. आपण तसल्याच घरांत, शाळांत आणि कचेऱ्यांत वाढलो. थोरल्या काकांनी लग्नाच्या याद्या चुकवल्या तर मांडवात कुणी बोलत नाही, सगळे नंतर धावपळ करून निस्तरतात. आकाशात 'नंतर' नसते.

टेक्सास विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट हेल्मराइख यांनी अनेक देशांतल्या वैमानिकांच्या वृत्तींचा अभ्यास केला. वरिष्ठाची चूक कनिष्ठाने दाखवावी का, या प्रश्नावर देशादेशांची उत्तरे फार वेगवेगळी येतात, हे त्यांनी दाखवले. पुढे ही गोष्ट लोकप्रिय झाली आणि तिचे जातककथेसारखे रूप झाले: कोरियन नम्र म्हणून मरतात, लॅटिन अमेरिकन मोठ्याने बोलत नाहीत म्हणून मरतात. उदाहरणे होती. २५ जानेवारी १९९० ला कोलंबियाचे एक विमान न्यूयॉर्कवर घिरट्या घालत राहिले. इंधन संपत आले आहे असे वैमानिक सांगत होते, पण आणीबाणी जाहीर करणारा ठराविक शब्द त्यांनी उच्चारला नाही. न्यूयॉर्कच्या घाईगर्दीतल्या नियंत्रकांना तो ऐकायची सवय होती. विमान टेकडीवर पडले, ७३ माणसे गेली. डिसेंबर १९९९ मध्ये कोरियन एअरचे मालवाहू विमान लंडनजवळ स्टॅन्स्टेडहून उडाले. कॅप्टनसमोरचे कल दाखवणारे यंत्र बिघडले होते. को-पायलटसमोरचे चालू होते. मागच्या इंजिनिअरने इशारा दिला, को-पायलट गप्प राहिला, विमान एका बाजूला कलंडत जमिनीवर आदळले.

पण जगातला सर्वांत मोठा विमान अपघात कुणाच्या हातून झाला? २७ मार्च १९७७, कॅनरी बेटांमधले तेनेरीफ, दाट धुके, एकाच धावपट्टीवर दोन जम्बो. परवानगी न मिळताच निघालेल्या केएलएमच्या विमानाचा कॅप्टन याकोब फेल्टहाउझेन फान झांटेन डच होता. वरिष्ठाला तोंडावर बोलण्यात ज्या देशाचा हात कुणी धरणार नाही, अशी ख्याती असलेल्या देशाचा. समोरचे पॅन अॅमचे विमान धावपट्टीवरून हटले का, अशी शंका त्याच्या फ्लाइट इंजिनिअरने विचारली. कॅप्टनने ती उडवून लावली. ५८३ माणसे गेली. फान झांटेन कंपनीच्या जम्बो प्रशिक्षणाचा प्रमुख होता, तिच्या जाहिरातीतला चेहरा होता. शेजारी बसलेल्या को-पायलटची जम्बोची परीक्षा दोनेक महिन्यांपूर्वी त्यानेच घेतली होती. आपल्याला पास करणाऱ्या माणसाला चूक कशी म्हणायची? हा प्रश्न ॲमस्टरडॅमचाही आहे, सोलचाही आणि मुंबईचाही.

कोरियाने पुढे काय केले ते आपल्या कंपन्यांनी नीट पाहावे. २००० मध्ये त्यांनी अमेरिकेच्या डेल्टा कंपनीतून डेव्हिड ग्रीनबर्ग यांना आणून उड्डाण विभाग त्यांच्या हाती दिला. कॉकपिटमध्ये इंग्रजीचा आग्रह धरला, कारण कोरियन भाषेत प्रत्येक क्रियापदातच थोरला-धाकटा ठरलेला. जुने लष्करी वर्चस्व कमी केले. वैमानिक तेच कोरियन. त्यानंतर त्या कंपनीच्या अपघातात एकही प्रवासी दगावलेला नाही. परदेशी माणूस आणला म्हणून हे झाले नाही आणि परदेशी माणूस हाकलला म्हणूनही नाही. उजव्या खुर्चीला बोलायचा आणि हात घालायचा अधिकार दिला म्हणून झाले.

भारतीय आकाशात परदेशी आणि देशी शेजारी बसणे तसे जुनेच आहे, आणि सुरुवातीला त्यात आजची कटुता नव्हती. इंग्लंड आणि भारत यांच्यामध्ये एकट्याने उडणाऱ्या पहिल्या भारतीयाला आगाखानांनी ५०० पौंडांचे बक्षीस लावले. १९३० मध्ये त्यासाठी तिघे निघाले: मनमोहन सिंग, ॲस्पी इंजिनिअर आणि जे. आर. डी. टाटा. जेआरडी कराचीहून पश्चिमेकडे, सतरा वर्षांचा ॲस्पी इंग्लंडहून पूर्वेकडे. इजिप्तमध्ये अबूकीरला दोघे समोरासमोर आले. ॲस्पी स्पार्क प्लगसाठी अडकून पडला होता. जेआरडींनी आपल्याकडचे जादा प्लग त्याला दिले. ॲस्पीने शर्यत थोडक्यात जिंकली. तोच पुढे भारताचा हवाई दलप्रमुख झाला. टाटांच्या विमान टपालाचे पहिले उड्डाण १५ ऑक्टोबर १९३२ ला झाले. कराचीहून जुहूपर्यंत जेआरडींनी विमान आणले आणि तिथून मद्रासकडे नेव्हिल व्हिन्सेंट या इंग्रजी हवाई दलातल्या माणसाने नेले. या कंपनीची मूळ कल्पना व्हिन्सेंटचीच.

३ नोव्हेंबर १९५० ला एअर इंडियाचे 'मलबार प्रिन्सेस' आल्प्सच्या माँ ब्लाँवर आदळले. कॅप्टन ॲलन सेंट, इंग्रज. को-पायलट व्ही. वाय. कोरगावकर. विमानातले ४८ जण गेले. त्यात बहुतेक भारतीय खलाशी होते, इंग्लंडमध्ये बोटीवर रुजू व्हायला निघालेले. मुंबईत भरती होणाऱ्या त्या काळातल्या खलाशांत रत्नागिरी आणि कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यांतली माणसे मोठ्या संख्येने असत. हे लिहिताना वीर-दासगावची ती घरे डोळ्यांपुढे येतात, जिथल्या भिंतीवर अजून बोटीचे फोटो आहेत. त्या कॉकपिटमध्ये इंग्रज कॅप्टन आणि मराठी को-पायलट यांच्यात बेबनाव होता असे म्हणायला कोणताही आधार नाही, आणि मी तसे म्हणतही नाही. पंधरा वर्षांनी, २४ जानेवारी १९६६ ला, 'कांचनजंगा' त्याच पर्वतावर आदळले. होमी भाभा त्यात होते. कॅप्टन भारतीय होते, खाली जिनिव्हाचा नियंत्रक. एका उपकरणाने काम सोडले होते, नियंत्रकाने पर्वत अजून पाच मैल पुढे आहे या अर्थाचे सांगितले, कॅप्टनला आपण तो ओलांडला असे वाटले, आणि 'रॉजर' म्हणून त्यांनी विमान खाली घेतले. ११७ माणसे. दोन परक्या माणसांनी तिसऱ्याच भाषेत बोलायचे, आणि दोघांनी आपापल्या मनातला अर्थ ऐकायचा.

हीच जात १२ नोव्हेंबर १९९६ ला हरयाणातल्या चरखी दादरीवर पुन्हा दिसली. दिल्लीहून निघालेले सौदी जम्बो, त्यात आखाताकडे निघालेले कामगार, आणि समोरून येणारे कझाक मालवाहू विमान. कझाक विमानाला १५,००० फुटांवर थांबायला सांगितले होते. ते त्याच्या खाली आले. रेडिओवर बोलणारा माणूस एक, विमान चालवणारे दुसरे, आणि त्यांच्या सवयीची मापे मीटरची. ३४९ माणसे गेली. न्यायमूर्ती लाहोटींच्या चौकशीनंतर टक्कर टाळणारी यंत्रे सक्तीची झाली. बोलण्याच्या इंग्रजीची आंतरराष्ट्रीय परीक्षा यायला मात्र २००८ उजाडले.

हा दोष देशावर ढकलण्याची सवय आपल्याला आहे तशी बाहेरच्यांनाही आहे, आणि तिथे बळी आपले जातात. २९ ऑक्टोबर २०१८ ला इंडोनेशियाचे लायन एअरचे नवे ७३७ मॅक्स समुद्रात पडले. कॅप्टन दिल्लीचे भव्य सुनेजा होते. पाच महिन्यांत इथिओपियात दुसरे पडले. मिळून ३४६ माणसे. तेव्हा अमेरिकेत म्हटले गेले की अमेरिकेत शिकलेल्या वैमानिकाने हे विमान सावरले असते. एका लोकप्रतिनिधीने सुनावणीतही ते बोलून दाखवले. दोष निघाला तो विमानाच्या नाकाला आपोआप खाली ढकलणाऱ्या यंत्रणेत, जिची पुरती माहिती वैमानिकांना दिलीच नव्हती. १२ जून २०२५ ला अहमदाबादला एअर इंडियाचे ड्रीमलायनर कोसळले आणि २६० जीव गेले, त्यातले केबिन क्रूमधले बरेचजण मुंबई परिसरातले. महिन्याने आलेल्या प्राथमिक अहवालात कुणालाही दोषी ठरवले नव्हते. तरी परदेशी वृत्तसंस्थांनी मृत कॅप्टनकडे बोट दाखवले. भारतीय वैमानिकांच्या महासंघाने त्यांना कायदेशीर नोटीस धाडली. कॅप्टनच्या वृद्ध वडिलांना सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. जो न्याय आपण स्वतःच्या माणसाला मागतो, तो मंगळूरच्या सर्बियन कॅप्टनलाही द्यावा लागेल. चूक लिहायची, देश लिहायचा नाही.

आणि 'आपले-परके' करायला परदेश लागतोच असेही नाही. २००७ मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एक झाल्या. दोन्हीकडचे वैमानिक भारतीय, कित्येक एकाच उपनगरात राहणारे. तरी २०११ मध्ये जुन्या इंडियन एअरलाइन्सवाल्यांनी वेतनासाठी संप केला आणि २०१२ मध्ये जुन्या एअर इंडियावाल्यांनी ५८ दिवस. नव्या ड्रीमलायनरचे प्रशिक्षण त्या दुसऱ्यांना का, हे कारण. न्यायमूर्ती धर्माधिकारी समितीने दोघांना एका रांगेत बसवण्याचा आराखडा दिला होता. सीनियॉरिटीच्या यादीतला क्रमांक हाच या धंद्यात जातपातीइतका घट्ट असतो. परदेशी माणूस आला की त्या यादीला धक्का लागतो. राग खरे तर त्याचा आहे.

उलट बाजूही पाहायला हवी. २०१७ मध्ये डीजीसीएने कॅप्टनांना नोकरी सोडण्यापूर्वी एक वर्षाची आणि को-पायलटांना सहा महिन्यांची नोटीस सक्तीची केली, कारण आपलेच वैमानिक बाहेर जात होते. एप्रिल २०१९ मध्ये जेट बंद पडली तेव्हा मराठी घरांतले कितीतरी वैमानिक आखातात आणि आग्नेय आशियात गेले. तिथे ते परदेशी आहेत. तिथल्या मुलांच्या बढत्या त्यांच्यामुळे लांबतात.

वीर स्टेशनवर उभे राहिले की समोरून एक गोष्ट रोज जाते, जी विमान कंपन्यांनी शिकण्यासारखी आहे. इंजिनात लोको पायलट आणि असिस्टंट लोको पायलट दोघे असतात. सिग्नल दिसला की एकाने मोठ्याने म्हणायचे आणि दुसऱ्याने तो पाहून तसेच म्हणायचे. मनातल्या मनात नाही, तोंडाने. आणि सिग्नल धोक्याचा असताना गाडी थांबत नाही असे दिसले तर असिस्टंटने स्वतःच्या बाजूचा आपत्कालीन ब्रेक लावायचा. विचारायचे नाही. लोको पायलट त्याच्यापेक्षा पंचवीस वर्षांनी मोठा असला तरीही. ते त्याचे धाडस नव्हे, कर्तव्य आहे. ते केले नाही तर जबाबदारी त्याच्यावरही येते.

विमान कंपन्यांच्या नियमपुस्तिकांतही असे अधिकार लिहिलेले असतात. कमी पडते ते त्यामागचे पाठबळ. ज्याच्या एका सहीवर आपली बढती अवलंबून आहे, त्याच्या हातातून विमान काढून घेणाऱ्या तिशीतल्या मुलाचे पुढे काय होते, यावर सगळे ठरते. त्याला दुसऱ्या दिवशी शाबासकी मिळाली तर पुढचा बोलेल. त्याची चौकशी लागली तर पुढचा गप्प बसेल. मंगळूरनंतर कोळिकोड झाले ते याचमुळे, असे माझे ठाम मत आहे. सिम्युलेटरमध्ये इंजिन बंद पडण्याचा सराव जितक्या वेळा होतो, तितक्याच वेळा 'कॅप्टन ऐकत नाहीत, विमान हाती घ्या' याचा व्हायला हवा, आणि तो सगळ्यांत ज्येष्ठ, सगळ्यांत नावाजलेल्या कॅप्टनबरोबर व्हायला हवा. परदेशी कॅप्टन आणायचे असतील तर आणा, पण त्याच पगाराच्या तक्त्यात, त्याच रोस्टरवर आणि त्याच परीक्षांनंतर. दोन वेगवेगळ्या करारांवरची माणसे एका कॉकपिटमध्ये मोकळी बोलतील ही अपेक्षाच चुकीची आहे. आणि उजव्या खुर्चीतल्या माणसाने लँडिंग सोडायला लावले, तर ते बरोबर होते की चूक हे न पाहता त्याच्या नोंदीत एक अक्षरही विरोधात जाता कामा नये.

कॅप्टन सौदामिनी देशमुखांनी १९८५ मध्ये सगळ्या स्त्रियांच्या क्रूने कोलकात्याहून सिलचरला विमान नेले, तेव्हा बाईच्या हाती विमान म्हणून शंका घेणारे कमी नव्हते. आज ती शंका कुणी तोंडावर घेत नाही. सवयी बदलतात, बदलायचे ठरवले तर.

२५ डिसेंबर २०२५ पासून आपल्याच रायगड जिल्ह्यात, पनवेलजवळ, नवी मुंबईच्या विमानतळावरून विमाने उडू लागली. महाड-पोलादपूरच्या आखाती घरांना मुंबईचा अर्धा वळसा त्यामुळे टळू शकेल, आणि या तालुक्यांतली मुलेही वैमानिक व्हायचे बोलू लागली आहेत. फीचे लाखो रुपये भरण्याआधी कंपनीच्या माणसाला एवढे जरूर विचारा: गेल्या पाच वर्षांत तुमच्याकडे किती फर्स्ट ऑफिसरांनी कॅप्टनच्या हातून विमान घेतले, आणि आज ते कुठे आहेत? उत्तर लेखी मागा.